२६ जुलै : मुलांना काय सांगावे?



गेल्या जुलैमधली गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. मिस्सा संपल्यावर मुले ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून वर्गात बसली होती. त्या आठवड्यात २६ जुलै येत होता, म्हणून आम्ही सहज विचारले, "२६ जुलैला काय असते?" बरेच हात वर झाले. एक मुलगा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "कारगिल विजय दिवस! त्या दिवशी आपण त्यांका मारून हाकलला." सगळा वर्ग हसला. दोघा-तिघांनी तोंडाने बंदुकीचे आवाज काढले. आम्हीही हसलो, "शाब्बास" म्हटले आणि पुढच्या पाठाकडे वळलो.

दाराशी एक आजोबा नातीला न्यायला येऊन थांबले होते. सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेले. वर्ग सुटल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, किती मारले तां पोरांका ठावक आसा. कोण मेले तां पण सांगा मगे." एवढे बोलून नातीचा हात धरून ते पावसात निघून गेले.

त्यांचे बोलणे आमच्या मनाला लागले. त्या दिवशी आम्ही शिक्षक एकत्र बसलो आणि एकमेकांना विचारले, कारगिलमध्ये पडलेल्या किती जवानांची नावे आपल्याला येतात? सिनेमात पाहिलेले एक नाव सोडले, तर कोणालाच काही सांगता आले नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्हीच त्यांना विजय शिकवला होता. तो कोणी आणि काय देऊन मिळवला, हे शिकवायचे राहून गेले होते. म्हणून वर्षभर थोडे वाचून, जाणत्या माणसांना विचारून हा पाठ तयार केला आहे. तो वर्गापेक्षाही घरी अधिक उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

१. आधी गोष्ट नीट सांगू या

मुलांना गोष्ट आवडते. म्हणून तारखा आणि आकड्यांऐवजी एका हरवलेल्या जनावरापासून सुरुवात करावी. मे १९९९ च्या सुरुवातीला लडाखमधील गारखोन गावचा ताशी नामग्याल नावाचा मेंढपाळ आपला हरवलेला याक शोधत डोंगरात गेला. आपल्याकडे संध्याकाळी म्हैस घरी आली नाही की माणूस जसा रानात शिरतो, तसाच. तिथे उंचावर त्याला अनोळखी माणसे दिसली. त्याने खाली येऊन आपल्या सैन्याला खबर दिली. हा साधा माणूस २०२४ मध्ये वारला.

ती माणसे तिथे कशी आली? त्या भागात हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की दोन्ही देशांचे सैन्य काही उंच चौक्या रिकाम्या करून खाली येत असे. १९९९ च्या फेब्रुवारीत आपले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले होते आणि शांततेचा करार झाला होता. त्याच काळात पाकिस्तानचे सैनिक नियंत्रण रेषा ओलांडून आपल्या बाजूच्या शिखरांवर येऊन बसले. त्या शिखरांवरून श्रीनगर-लेह रस्ता थेट दिसतो. लडाखमधील लोकांना आणि सैन्याला धान्य, औषधे, इंधन त्याच रस्त्याने जाते. आता हा रस्ता शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात आला.

शिखरे परत मिळवायची तर खालून वर चढायचे होते, तेही बहुतेक वेळा रात्री. मुलांना उंचीची कल्पना यावी म्हणून आपल्या आंबोलीचे उदाहरण द्यावे. आंबोली साधारण ७०० मीटर उंच आहे. घाट चढून वर गेलो की आपल्याला थंडी वाजते. टायगर हिल ५,००० मीटरहून उंच आहे. म्हणजे एकावर एक अशा सात आंबोली रचायच्या. त्यावर झाडाचे पान नाही, श्वास घ्यायला पुरेशी हवा नाही, पाठीवर ओझे, आणि वरून गोळ्या.

१३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल आपल्या ताब्यात आले. ही सारी लढाई चालू असताना नियंत्रण रेषा आपण ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता आणि सैन्याने तो पाळला. हा मुद्दा मुलांना अवश्य सांगावा. अंगात बळ असताना हात आवरणे यालाही धैर्य लागते. २६ जुलै १९९९ रोजी मोहीम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सैन्याने तिला 'ऑपरेशन विजय' असे नाव दिले होते. म्हणून हा दिवस कारगिल विजय दिवस.

२. आकड्याकडून नावाकडे

या लढाईत भारताचे ५२७ जवान आणि अधिकारी गेले. मुलांना हा आकडा मोठा वाटत नाही, कारण क्रिकेटमध्ये ते याहून मोठे आकडे ऐकतात. म्हणून त्यांना शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणायला सांगावे. प्रार्थनेला उभ्या असतात तशा वीस-वीस मुलांच्या सव्वीस रांगा. त्या भरून आणखी सात जण उरतात. आता पहिल्या रांगेतील प्रत्येकाच्या घरी कोण कोण असेल ते मोजायला सांगावे. आई, बाबा, बहीण, आजी. एवढे मोजून झाले की वर्ग आपोआप शांत होतो.

मग एकच नाव घ्यावे. दोन-तीन नावे आम्ही इथे देत आहोत.

कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे हा नागालँडमधील कोहिमा जिल्ह्याचा, ख्रिस्ती घरातला मुलगा. सैन्यात येण्यापूर्वी तो शाळेत शिक्षक होता. त्याचे जवान प्रेमाने त्याला 'निंबू साहेब' म्हणत. २८ जून १९९९ च्या रात्री द्रास भागात ब्लॅक रॉक नावाचा कडा चढताना, शून्याखालच्या थंडीत, त्याचे पाय घसरू लागले. तेव्हा त्याने बूट काढून टाकले आणि तो कडा चढून गेला. त्या रात्री तो परत आला नाही. वय २४. त्याला मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

त्याच पलटणीतला, म्हणजे दुसऱ्या राजपुताना रायफल्समधला, कॅप्टन विजयंत थापर दुसऱ्या दिवशी, २९ जूनला पडला. वय २२. हल्ल्याला निघण्यापूर्वी त्याने घरी पत्र लिहून ठेवले होते. त्यात त्याने अनाथाश्रमाला काही पैसे द्यावेत आणि रुखसाना नावाच्या एका लहान काश्मिरी मुलीला दरमहा ५० रुपये देत राहावे, अशी विनंती केली होती. या मुलीच्या वडिलांना अतिरेक्यांनी मारले होते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला एका परक्या मुलीचे ५० रुपये आठवले. शौर्य म्हणजे काय, हे सांगायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडले नाही.

कॅप्टन हनीफुद्दीन तुर्तुक भागात जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. शिलाँगचा कॅप्टन क्लिफर्ड नोंग्रम १ जुलैला गेला. अशी कितीतरी नावे आहेत. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिथे दगडावर कोरली आहेत. त्यात आपल्या कोकणातलीही आहेत. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याला परके नाही. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतून मुले तिथे भरती झाली आहेत.

कोकणचा आणखी एक मुलगा मुलांना सांगण्यासारखा आहे. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातला. मुंबईला जाता-येता महामार्गावर माणगाव आपण अनेकदा पाहिले आहे. हा मराठा पलटणीचा नाईक दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढला आणि १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. त्यावर, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. जवळजवळ ८० वर्षांनी परक्या मुलुखातले लोक आपल्या माणगावच्या पोराची आठवण काढतात. मग आपण आपल्यांची का काढू नये?

३. मुले विचारतात ते तीन प्रश्न

मुलांनी प्रश्न विचारले की विषय बदलण्याची आपल्याला सवय असते. या विषयात तसे करू नये. आपण उत्तर दिले नाही, तर टीव्ही आणि मोबाइल देतात. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तणाव होता, मुले सुटीत घरी होती आणि रात्री उशिरापर्यंत बातम्यांचा आरडाओरडा ऐकत होती. त्यानंतर वर्गात आलेल्या मुलांच्या तोंडची भाषा आम्ही ऐकली आहे.

पहिला प्रश्न : "मारू नको अशी देवाची आज्ञा आहे, मग सैनिक मारतात ते पाप नाही का?"
हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नये. तो बरोबर प्रश्न आहे. ख्रिस्तसभा युद्धाला कधीच चांगले म्हणत नाही. ते टाळण्यासाठी सर्व उपाय करावेत, असेच ती सांगते. पण घरावर हल्ला झाला तर दुबळ्यांचे रक्षण करावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये सांगितले की, जे सैनिक आपले कर्तव्य योग्य रीतीने पार पाडतात ते लोकांच्या सुरक्षिततेचे सेवक असून शांततेलाच हातभार लावतात. प्रभू येशूने रोमन शताधिपतीच्या विश्वासाचे कौतुक केले होते, हेही मुलांना सांगावे. परमप्रसाद स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक मिस्सेत आपण जे नम्रतेचे शब्द म्हणतो, ते मुळात त्या सैनिकाचे आहेत. हे ऐकून आमच्या वर्गातली मुले चकित झाली होती.

दुसरा प्रश्न : "पाकिस्तानची माणसे सगळी वाईट असतात का?"
या प्रश्नाला आपल्या सैन्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. टायगर हिलच्या लढाईत कॅप्टन कर्नल शेर खान नावाचा पाकिस्तानी अधिकारी शेवटपर्यंत लढून मेला. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी, हा शूरपणे लढला, अशी चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात ठेवली आणि मग तो मृतदेह परत पाठवला गेला. पुढे त्याला पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. पाकिस्तान सुरुवातीला आपले सैनिक तिथे असल्याचे मान्यच करत नव्हता. त्यामुळे त्यांचे अनेक मृतदेह तिथेच राहिले. आपल्या सैन्याने ते इस्लामी रिवाजाप्रमाणे सन्मानाने दफन केले. ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांनी मेलेल्या शत्रूची विटंबना केली नाही. मग कणकवलीत घराच्या पडवीत बसून आपण शिव्या द्याव्यात का?

दावीद राजाची गोष्ट मुलांना ठाऊक असते. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. तरीही शौल लढाईत पडल्याचे ऐकून दावीदाने आपली वस्त्रे फाडली आणि शोक केला. आणखी एक गोष्ट आम्ही मुलांना सांगितली. कराचीत सेंट पॅट्रिक्स नावाचे कॅथेड्रल आहे. गोव्याहून इंग्रजांच्या काळात गेलेली अनेक कॅथलिक कुटुंबे त्या शहरात स्थायिक झाली. रविवारी आपण जी मिस्सा करतो, तीच मिस्सा तिथेही होते.

तिसरा प्रश्न : "आपले कोणी गेले होते का?"
हा प्रश्न ऐकला की आम्हाला थोडी काळजी वाटते. 'आपले' म्हणजे ख्रिस्ती की मालवणी की कणकवलीचे? केंगुरुसेचे नाव ऐकून आपल्या मुलांना अभिमान वाटला तर ते स्वाभाविक आहे. आपला समाज लहान आहे आणि या देशासाठी आपल्यातल्यांनीही प्राण दिले, हे त्यांना कळायला हवे. पण तेवढ्यावर थांबू नये. त्या कड्यांवर एका दोराला धरून हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बौद्ध असे सर्व चढत होते. म्हणून 'आपले' या शब्दात ते ५२७ सगळे यावेत. त्याहून कमी आलेत, तर पाठ अपुरा राहिला असे समजावे.

४. वय पाहून सांगावे

सात वर्षांपर्यंतच्या मुलांना याकाची गोष्ट, बर्फाची गोष्ट आणि एक नाव पुरे. रक्त, जखमा, छळ यांची वर्णने करू नयेत. आपल्याकडेही असे होईल का, असे विचारत मूल घाबरले, तर जवळ घ्यावे आणि आपली काळजी घेणारी माणसे आहेत, असे सांगावे.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना नकाशा दाखवावा. कणकवली कुठे, द्रास कुठे, हे बोटाने शोधू द्यावे. सात आंबोली आणि सव्वीस रांगा या वयात चांगल्या समजतात.

बारा वर्षांवरील मुलांशी मोकळेपणी बोलावे. सिनेमा पाहिला असेल, तर त्यात खरे किती आणि रंगवलेले किती, असे विचारावे. विजयाचा दिवस आणि स्मरणाचा दिवस यांतला फरकही त्यांना समजतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणला नौदल दिन साजरा झाला, तेव्हा आपल्या मुलांनी युद्धनौका आणि विमाने पाहिली. १९७१ मध्ये कराची बंदरावर केलेल्या यशस्वी हल्ल्याचा तो दिवस. पण त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबर १९७१ रोजी, दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. एकाच आठवड्यात दोन्ही घडले. ४ डिसेंबर आपल्या लक्षात राहतो, ९ डिसेंबर राहत नाही. समुद्राकाठच्या माणसांना तरी तो माहीत असावा.

५. आपण काय करू शकतो?

(अ) या वर्षी धर्मशिक्षण वर्गातील प्रत्येक मुलाला आम्ही एका सैनिकाचे नाव देणार आहोत. नाव, वय, गाव आणि गेल्याची तारीख त्याने स्वतः एका कार्डावर लिहावी. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर नावे शोधता येतात. मोठ्या भावंडांनी मदत करावी. हे कार्ड घरी अल्ताराजवळ ठेवावे आणि संध्याकाळच्या रोझरीत ते नाव घ्यावे.

(आ) आपल्या गावात, वाडीत माजी सैनिक असतील. मुलांना त्यांच्याकडे घेऊन जावे, पण आधी विचारून. "तुम्ही किती मारले?" हा प्रश्न विचारायचा नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवावे. "तुम्हाला घरची आठवण कशी यायची? जेवायला काय मिळायचे? तुमचा मित्र कोण होता?" असे प्रश्न विचारावेत. ज्या घरातला मुलगा गेला आहे, तिथे बोलायला लावू नये. नमस्कार करून दोन मिनिटे बसले तरी पुरते.

(इ) ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या निधीतून शहिदांची कुटुंबे, जखमी आणि माजी सैनिक यांना मदत होते. मुलांनी आपल्या खाऊच्या पैशातून थोडे द्यावे. विजयंतच्या त्या ५० रुपयांची गोष्ट अशा वेळी सांगावी.

(ई) मृतांसाठी प्रार्थना करावी. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करतो आणि त्यांच्या पापक्षमेसाठी अर्पण करावे म्हणून ती यरुशलेमला पाठवतो. त्या सैनिकांच्या हातून चूकही झाली होती, तरी त्याने त्यांना टाकले नाही. सैनिक हा देवदूत नसतो, तोही माणूसच असतो, म्हणूनच त्याला आपल्या प्रार्थनेची गरज असते. फादरांची परवानगी घेऊन, २६ जुलैच्या जवळच्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मुले पाच नावे वाचतील. सहावी प्रार्थना त्या लढाईत पडलेल्या पलीकडच्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी असेल. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावताना, जिचे दफन इथे नाही अशा एकासाठीही एक मेणबत्ती लावावी.

शेवटी एक योगायोग सांगतो. २६ जुलै हा संत योआकीम आणि संत ॲना यांचा, म्हणजे प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा सण. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये, याच सणाच्या जवळचा म्हणून, जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा दिवस म्हणून सुरू केला. मुलाच्या जाण्याने म्हातारे झालेले कितीतरी आई-वडील या देशात आहेत. विजयंतचे वडील स्वतः निवृत्त कर्नल. आपला मुलगा जिथे पडला त्या जागी ते अनेक वर्षे जात राहिले, कारण तशी इच्छा मुलाने पत्रात लिहिली होती. अशा घरांतून नातवंडांचा गलबला ऐकू आला असता, तो कधी आलाच नाही. त्या दिवशी आपल्या नातवंडांना जवळ घेताना त्यांची आठवण काढावी.

आणि दारात उभे राहून आम्हाला शिकवून गेलेल्या त्या आजोबांना एक विनंती. आजोबा, या वर्षी दारात थांबू नका. आत या, पुढच्या बाकावर बसा. मुले नावे वाचतील, उच्चार चुकले तर सांगा. आणि तुमच्या मनात एखादे नाव असेल, तर ते आम्हाला द्या. एक कार्ड आम्ही कोरे ठेवले आहे.

— धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक